मोटरची नाडी

विजेवर चालणारी मोटर सर्वांत जास्त वीज केव्हा खाते? हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: जोरात फिरते तेव्हा. खरी गोष्ट अगदी उलटी आहे. मोटर अडकते, तिचा दांडा जागच्या जागी ठप्प होतो, तेव्हा ती सर्वांत जास्त करंट ओढते. मोकळी, भरधाव फिरत असते तेव्हा तिला जेमतेम चिमूटभर पुरतो. कारण असं की फिरणारी मोटर फिरता फिरता स्वतःही थोडी वीज तयार करत असते, आणि ती वीज बाहेरून येणाऱ्या विजेला आडवी जाते. हा आडवेपणाच मोटरला सांभाळतो. फिरणं थांबलं की तो संपतो, आणि बाहेरची वीज मोकाट आत शिरते. त्या विजेतून काम काहीच होत नाही, नुसती उष्णता होते. काही क्षणांत वास सुटतो आणि मग धूर.

मी कलाशाखेचा बी.ए., कविता लिहिणारा माणूस. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. इचलकरंजीत माझ्या मामूंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. गाव यंत्रमागांचं. प्रत्येक मागाला मोटर, प्रत्येक मोटरीत तांब्याची तार, आणि तार जळाली की लोक मामूंकडे यायचे. मामू आधी चालू मोटरीच्या अंगावर तळहात ठेवत, मग कान तिच्याजवळ नेत, आणि शेवटी खुंटीवरचा टाँग टेस्टर काढत. चिमट्यासारखा जबडा असलेलं ते मीटर. वायर कापायची नाही, सोलायची नाही. जबडा उघडून वायर आत घ्यायची की काटा हलून अँपिअर दाखवतो. गिऱ्हाइकाची कैफियत लांबायला लागली की मामू मला म्हणत, “इसको मत पूछ, वायर को पूछ.”

वायरला विचारायचं कसं, हे माणसाला कळायला बराच काळ लागला. आज त्याच गोष्टीविषयी बोलायचं आहे. निमित्त आहे मुलांच्या रोबो-स्पर्धांचं. कारण मामूंच्या हातातला टाँग टेस्टर आता आकसून वाटाण्याएवढ्या चिपमध्ये गेला आहे आणि कॉलेजातली मुलं तो आपल्या रोबोत बसवतात.

या स्पर्धा किती निर्दयी असतात ते आधी सांगतो. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली रोबो-स्पर्धा झाली. २८ संघ होते. पुढे ती जगभर पसरली. त्यातला एक सामना साधारण अडीच मिनिटांचा. रोबोला वीज देणारी बॅटरी १२ व्होल्टची, १८ अँपिअर-तासांची. दुचाकीच्या बॅटरीपेक्षा बरीच दांडगी, पण मोटारगाडीच्या बॅटरीपुढे लहानच. या स्पर्धेत वर्षानुवर्षं वापरली गेलेली एक मोटर आहे, तिला ‘सिम’ म्हणतात. मोकळी फिरताना ती तीन अँपिअरसुद्धा घेत नाही. अडकली की सुमारे १३० अँपिअर मागते. चाकांना अशा चार मोटरी लावलेला रोबो समोरच्या रोबोशी छातीला छाती लावून रेटारेटी करू लागला, चाकं थांबली, की मागणी ५०० अँपिअरच्या पुढे जाते. रोबोवरचा मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा. तो लगेच पडत नाही, काही सेकंद सोसतो. पण त्याआधी बॅटरीच कोलमडते. तिचा दाब बारा व्होल्टवरून घसरत सहाच्या आसपास येतो, आणि तिथे रोबोचा मेंदू म्हणजे त्यातला छोटा संगणक बंद पडण्याची वेळ येते. म्हणून २०१५ मध्ये या स्पर्धेत आलेल्या नव्या नियंत्रण-यंत्रणेत अशी सोय केली गेली की दाब ६.३ व्होल्टच्या खाली गेला की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी मोटरींचा पुरवठाच तोडतो. प्रेक्षकांना दिसतं ते एवढंच की ऐन झुंजीत रोबोने मान टाकली. पुन्हा शुद्धीवर येतो, पुन्हा रेटतो, पुन्हा मान टाकतो.

त्याच वर्षी आलेल्या वीजवाटपाच्या पेटीत सोळा वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेने किती करंट जातो आहे हे ती पेटी संगणकाला सतत कळवत असे. मुलांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. तोवर मोटर धापा टाकते आहे हे धूर निघाल्यावर समजायचं. आता ते आकड्यात दिसायला लागलं.

पण आकडा आला कुठून? करंट कुणाला दिसत नाही. मराठीत आपण ‘करंट लागला’ म्हणतो, ‘शॉक बसला’ म्हणतो. म्हणजे आपल्यासाठी करंट ही अंगाला जाणवणारी गोष्ट आहे. गंमत म्हणजे त्याच्या मोजमापाची सुरुवातही अंगापासूनच झाली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचे अतिशय एकलकोंडे, अतिशय श्रीमंत शास्त्रज्ञ होते. कोणत्या द्रावणातून वीज किती सहज जाते हे त्यांना तपासायचं होतं. मीटर नव्हतं. मग त्यांनी स्वतःलाच मीटर केलं. एका द्रावणातून येणारा झटका अंगावर घ्यायचा, दुसऱ्यातून येणारा घ्यायचा, आणि कोणता जोराचा ते ठरवायचं. एवढ्या भांडवलावर त्यांनी जे निष्कर्ष काढले ते पुढे चांगलेच बरोबर निघाले. त्यांनी मात्र ते छापले नाहीत. कागद कपाटात राहिले.

इकडे इटलीत बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींनी मेलेल्या बेडकाचा पाय वापरला. धातूचा स्पर्श झाला की तो पाय आखडे. स्नायूतच वीज असते असा त्यांचा समज होता आणि त्यावर व्होल्टांशी त्यांचा मोठा वाद झाला, तो प्रसिद्धच आहे. आपल्या विषयापुरतं बोलायचं तर बेडकाचा पाय हा जगातला एक फार संवेदनशील करंट-सेन्सर होता. फक्त तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचा. किती आहे, हे नाही.

‘किती’चं उत्तर द्यायला सुरुवात झाली १८२० मध्ये, कोपनहेगनमध्ये. हान्स क्रिश्चन ओर्स्टेड हे तिथले प्राध्यापक. वीज वाहणाऱ्या तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई जागा सोडते, हे त्यांना दिसलं. सुई तारेकडे ओढली जात नव्हती, तारेपासून दूरही ढकलली जात नव्हती. ती तारेला आडवी वळत होती. निसर्गातलं असं तिरकं वागणं तोवर कुणाला माहीत नव्हतं. २१ जुलै १८२० रोजी ओर्स्टेडांनी चार पानांचं लॅटिन पत्रक छापून युरोपभर धाडलं. सप्टेंबरात ती बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचली आणि आठवडाभरात आंद्रे-मारी अँपिअर आपलं संशोधन घेऊन उभे राहिले. त्यांचं नाव १८८१ मध्ये पॅरिसच्या वीज-परिषदेत करंटच्या एककाला मिळालं. मामूंच्या दुकानात दिवसातून शंभरदा उच्चारलं जाणारं ते नाव एका फ्रेंच माणसाचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला तो मोटरीचा एखादा रोग वाटायचा: ‘अँपिअर वाढला.’

त्याच सप्टेंबरात जर्मनीतल्या हाले गावच्या योहान श्वाइगर यांनी एक साधी युक्ती काढली. तार सुईजवळून एकदाच नेण्याऐवजी तिची वेटोळी करून सुईभोवती गुंडाळली. प्रत्येक वेटोळं सुईला थोडं थोडं ढकलतं, आणि शंभर वेटोळी मिळून अगदी क्षीण प्रवाहालाही बोलतं करतात. हा पहिला गॅल्व्हनोमीटर. नाव बेडूकवाल्या गॅल्व्हानींचं, काम ओर्स्टेडांच्या सुईचं. पुढे १८२६-२७ मध्ये गेओर्ग ओहम या कोलोनच्या शाळामास्तरांनी अशाच लटकत्या सुईच्या आधारे आपला नियम शोधला. तो नियम आज दहावीचं पोर घडाघडा म्हणतं. ओहमना मात्र आपल्या देशात मान मिळायला वेळ लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये पदक दिलं तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं.

आता मी ज्या प्रसंगावर थोडा रेंगाळणार आहे तो समुद्राच्या तळाशी घडला. मला वाटतं, करंट मोजण्याच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग नाही.

१८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिक महासागराखालून तारेची केबल टाकून झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना गेला. अठ्ठ्याण्णव शब्दांचा तो संदेश पोचायला सुमारे सोळा तास लागले. इतक्या लांबच्या केबलमधून पलीकडे निघणारा प्रवाह अगदीच पुसट असे. यावर दोन माणसांची दोन मतं होती. कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मुळात शस्त्रवैद्य. त्यांचं म्हणणं, पलीकडे ऐकू येत नाही ना, मग इकडून जोरात ओरडा. त्यांनी मोठमोठी कॉइलं लावून केबलवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. दुसरे होते ग्लासगोचे विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले ते. त्यांचं म्हणणं, ओरडू नका, कान तयार करा. त्यांनी नखाएवढा आरसा घेतला, त्याच्या पाठीला बारीक लोहचुंबक चिकटवले आणि तो रेशमाच्या धाग्याने तारेच्या वेटोळ्यात टांगला. आरशावर दिव्याचा झोत सोडला. क्षीण प्रवाह आला की आरसा केसभर वळतो, पण समोरच्या पट्टीवर त्याचा कवडसा बोटभर सरकतो. वजन नसलेल्या उजेडाचा काटा केला, ही यातली कल्पना. मला कवी म्हणून तिचा हेवा वाटतो.

व्हाइटहाउस यांच्या ओरडण्याने आधीच कमकुवत असलेली केबल जळाली. तीनएक आठवड्यांत ती मुकी झाली. पुढे १८६६ मध्ये नवी केबल टाकली गेली आणि जुनी अर्धवट राहिलेली दुसरीही पुरी झाली. तेव्हा लॅटिमर क्लार्क या अभियंत्याने पलीकडे दोन्ही केबली एकमेकींना जोडायला लावल्या. इकडे चांदीचं एक अंगुस्तान घेतलं, त्यात आम्लाचे काही थेंब टाकले, जस्ताचा तुकडा बुडवला. शिंप्याच्या बोटातल्या त्या एवढ्याशा बॅटरीची वीज अटलांटिक ओलांडून गेली आणि परत आली, आणि आरशाचा कवडसा हलला. अंगुस्तान हा फारसी शब्द मराठीत इतका मुरला आहे की आपल्याला तो पाहुणा वाटत नाही. तशी ती वीज दोन खंडांमध्ये पाहुणी राहिली नाही. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज मुंबईत आलं, इथून एडनपर्यंत केबल टाकत गेलं, आणि त्या वर्षी मुंबई लंडनशी समुद्राखालून बोलू लागली.

पण सुई असो की आरसा, यात एक अडचण होती. तारेला मीटरमधून जावं लागे, म्हणजे तार तोडावी लागे. शिवाय हलणारे नाजूक भाग. धक्के खाणाऱ्या रोबोत रेशमाच्या धाग्याला आरसा टांगून चालणार नाही. त्यासाठी न हलणारा काटा हवा होता. तो मिळाला १८७९ मध्ये, आणि ज्याने शोधला त्याला आपण काय शोधलं आहे याचं कारण सांगता येत नव्हतं.

एडविन हॉल हा अमेरिकेतल्या मेन राज्यातला मुलगा. कॉलेज संपवून त्याने काही काळ शाळेत मुख्याध्यापकी केली आणि मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकायला आला. तिथे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा ग्रंथ वाचताना तो एका विधानापाशी अडखळला. मॅक्सवेलनी लिहिलं होतं की चुंबकाच्या क्षेत्रात प्रवाह वाहणारी तार ठेवली तर बल तारेवर येतं, आतल्या प्रवाहावर नाही. तार घट्ट धरून ठेवली तर आतला प्रवाह आपल्या वाटेने निमूट जात राहील. हॉलला हे पटेना. जोर जर प्रवाहामुळे लागतो, तर तो प्रवाहालाच का जाणवू नये? मॅक्सवेल म्हणजे त्या काळचं या विषयातलं शेवटचं प्रमाण. हॉलने आपले गुरू हेन्री रोलंड यांना शंका विचारली. रोलंडना स्वतःलाही ती शंका होती. त्यांनी एक प्रयोग करून पाहिला होता, पण हाती काही लागलं नव्हतं. त्यांनी शिष्याला गप्प बसवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. करून पाहा, म्हणाले.

हॉलचे पहिले प्रयत्न फसले. मग त्याने जाड धातूऐवजी सोन्याचा वर्ख घेतला आणि तो काचेच्या पट्टीवर बसवला. आपल्याकडे मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात, तसाच तो हवेने उडावा असा. वर्खाच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे प्रवाह सोडला, पट्टी जबर चुंबकाच्या मध्ये धरली, आणि वर्खाच्या दोन बाजू, म्हणजे प्रवाहाला आडव्या असलेल्या कडा, गॅल्व्हनोमीटरला जोडल्या. गॅल्व्हनोमीटर कुठला? थॉमसन यांचा, समुद्राखालच्या कुजबुजीसाठी घडवलेला. १८७९ च्या ऑक्टोबरअखेर त्याची सुई हलली आणि हललेलीच राहिली. चुंबक आतल्या प्रवाहाला एका कडेकडे ढकलत होता, म्हणून दोन कडांमध्ये अगदी सूक्ष्म दाब तयार झाला होता. हॉलला चोवीस वर्षं पुरी व्हायला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते.

ज्यांचं विधान त्याने खोडलं ते मॅक्सवेल त्याच वेळी केंब्रिजमध्ये पोटाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. हॉलचा निबंध त्यानंतर छापला गेला. शेवटची काही वर्षं मॅक्सवेल कशात गुंतले होते? ते कॅव्हेंडिश यांचे कपाटातले कागद उलगडत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या एकलकोंड्या माणसाचे प्रयोग त्यांनी पुन्हा करून पाहिले, झटके अंगावर घेऊन पाहिले, प्रयोगशाळेत आलेल्या पाहुण्यांनाही घ्यायला लावले. कॅव्हेंडिश यांच्या लेखनाचा तो ग्रंथ १८७९ मध्येच प्रसिद्ध झाला. अंगाने वीज मोजण्याची गोष्ट आणि वर्खाने वीज जोखण्याची गोष्ट एकाच वर्षी जगापुढे आल्या. या योगायोगात काही अर्थ शोधू नये हे मला कळतं, तरी तो मनातून जात नाही.

हॉलला कारण सांगता येत नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनच अजून सापडायचा होता. तो जे. जे. थॉमसन यांना १८९७ मध्ये गवसला. आणि सोन्यात इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी असते की त्यांना कडेला ढकलून तयार होणारा दाब नगण्य राहतो. म्हणून सत्तर वर्षं हॉलचा शोध पाठ्यपुस्तकात आणि प्रयोगशाळेत राहिला, बाजारात आला नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत सीमेन्स कंपनीच्या हाइनरिख वेल्कर यांनी इंडियम अँटिमनाइडसारख्या अर्धवाहक संयुगांवर काम केलं. तिथे इलेक्ट्रॉन थोडे, पण चपळ. गर्दी पांगली आणि हॉलचा दाब मोजण्याजोगा झाला. मग तो सिलिकॉनच्या चिपमध्ये आला, १९६८ च्या सुमारास संगणकाच्या कळफलकात आला, नंतर गाड्यांमध्ये आला. स्वतः हॉल १९३८ मध्ये वारले. हार्वर्डमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी शाळांसाठी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांची यादी तयार करण्यात मोठा वाटा उचलला होता. मुलांनी नुसतं वाचू नये, हाताने करावं, हा त्यामागचा आग्रह. माजी मुख्याध्यापकाला शोभेल असाच.

आता पुन्हा रोबोकडे. करंट मोजण्याच्या आज दोन वाटा आहेत. पहिली ओहमची. वायरच्या मार्गात अगदी कमी रोधाचा धातूचा तुकडा घालायचा, त्याला शंट म्हणतात, आणि त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजायचा. एक सहस्रांश ओहमच्या शंटमधून ४० अँपिअर गेले तर ४० मिलिव्होल्ट मिळतात. स्वस्त आणि अचूक, पण थोडी वीज उष्णतेत जाते आणि मोजणारं सर्किट थेट मोटरीच्या वायरला बांधलेलं राहतं. दुसरी वाट हॉलची. वायरमधून प्रवाह गेला की भोवती चुंबकत्व तयार होतं, हे ओर्स्टेडनी दाखवलेलं. त्या चुंबकत्वात हॉलचा तुकडा ठेवायचा. तो वायरला शिवतही नाही. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय झालेली एसीएस ७१२ नावाची चिप याच जातीची. तिच्या तीस अँपिअरच्या प्रकारात प्रवाह शून्य असताना अडीच व्होल्ट बाहेर येतात आणि प्रत्येक अँपिअरला ६६ मिलिव्होल्टची भर पडते. दहा अँपिअर झाले की ३.१६ व्होल्ट. अडीच व्होल्टपासून सुरुवात का, तर मोटर उलटी फिरली तर आकडा खालीही जाता यावा म्हणून.

एवढं झालं तरी आकड्याचा अर्थ लावायचं काम उरतंच. मोटर सुरू होते त्या क्षणी ती थांबलेलीच असते, म्हणून पहिला झटका नेहमी मोठा असतो. कार्यक्रम लिहिणाऱ्या पोराने त्यालाच ‘अडकली’ समजून मोटर बंद केली तर ती कधी सुरूच व्हायची नाही. म्हणून सुरुवातीचा सेकंदाचा अंश सोडून द्यावा लागतो, पुढच्या आकड्यांची सरासरी काढावी लागते. मग आलेख बोलायला लागतो. चेंडू आत ओढणाऱ्या रुळांचा करंट एकदम चढला: चेंडू आला. चढला आणि उतरलाच नाही: चेंडू अडकला, रूळ उलटे फिरवा. हात वर चढताना करंट शेवटी उसळला: हात टोकाला टेकला, आता मोजणी शून्यापासून धरा. डोळा नाही, बोट नाही, पण मोटर स्वतःच स्पर्श सांगते. माझ्या मते हाताच्या टोकाला रुपया-दोन रुपयांच्या भाषेत बोलणारा साधा लिमिट स्विचही असावा. करंट ताण सांगतो, ताणाचं कारण सांगत नाही. बेअरिंगमध्ये कचरा गेला तरी करंट वाढतो. मामू आकडा पाहण्याआधी हात का ठेवत आणि कान का लावत, ते इथे समजतं.

हकिमांच्या परंपरेत इब्न सिनांची एक गोष्ट सांगतात. एक तरुण खंगत चालला होता, रोग कळेना. इब्न सिनांनी त्याची नब्ज धरली आणि एका जाणत्याला शहरातल्या मोहल्ल्यांची नावं मोठ्याने घ्यायला सांगितलं. एका नावाला नाडी उडाली. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, मग घरं, मग घरातली माणसं. शेवटी एका मुलीचं नाव आलं. नाडीचा एकटा ठोका काही सांगत नाही. कशाच्या वेळी तो बदलला, हे सांगतं. रोबोचा आलेख वाचणारी मुलं हेच करत असतात. मोटरी एकेक करून चालवायच्या आणि कुठे नाडी उडते ते पाहायचं.

आपल्याकडे या खेळाला आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या मंडळींनीच आसरा दिला, हे इथे आवर्जून सांगायला हवं. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेने २००२ मध्ये टोकियोत ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि भारतात दूरदर्शनने ती उचलून धरली. २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. विषय होता गोविंदा. उंचावर टांगलेल्या मडक्यांतलं लोणी रोबोंनी काढायचं. चीनच्या संघाने ती जिंकली. आपल्या गल्लीतला गोविंदा थरावर चढताना खालच्याचे खांदे थरथरताहेत हे तळव्यांनी ओळखतो. रोबोला ते ओळखायला वायरीतला प्रवाह लागतो.

सहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ती स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळी विषय पालकत्वाचा होता. एक मोठा रोबो आई किंवा बाप, एक लहान रोबो मूल. मोठ्याने लहानाला उचलून सीसॉवर न्यायचं, झोपाळ्यावर बसवायचं, जंगलजिमपाशी पोचवायचं. अशा कामात पकड सैल राहिली तर पोर पडतं आणि जास्त आवळली तर मोडतं. पंजाची मोटर मिटत जाते, लहानग्याच्या अंगाला टेकते, करंट चढू लागतो. कुठल्या आकड्याला थांबायचं ते आधी दहा वेळा करून, पाडून, पुन्हा उचलून ठरवावं लागतं. आणि तो आकडा सापडला की मुलं तो संगणकात घालतात आणि विसरू नये म्हणून पेनने रोबोच्या पत्र्यावरही लिहून ठेवतात.